फॅमिस्टुडिओ: जुन्या व्हिडिओ गेमची धून बँजो-संबळावर बसवायची, तर हे सॉफ्टवेअर कितपत कामाचं?

फॅमिस्टुडिओ हे निन्टेंडोच्या आठ-बिटी यंत्रासाठी संगीत रचायचं सॉफ्टवेअर. पैसे पडत नाहीत, मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड या सगळ्यांवर चालतं. जुन्या धाटणीचे गेम बनवणाऱ्यांसाठी ते लिहिलेलं आहे. इथं त्याची पारख वेगळ्याच कामासाठी केली आहे. टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेममधली धून उचलायची आणि मराठवाड्यातल्या बँजो पार्टीला, म्हणजे बँजो, कॅसिओ, पॅड, हलगी आणि सोबत जमलं तर संबळ-तुणतुणं अशा ताफ्याला, वाजवता येईल अशी नव्यानं बसवायची.

या कामासाठी आम्ही त्याला पाचपैकी साडेतीन देतो. धून सुटी करून आतला प्रत्येक आवाज वेगळा ऐकवण्यात ते अव्वल आहे. नोटेशन काढायचं काम मात्र पूर्णपणे त्याच्यावर सोडलं, तर हाती निव्वळ कचरा येतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. फक्त मुख्य चाल हवी असेल तर या सॉफ्टवेअरची गरजच नाही. कानावर चाल उचलणारा कुठलाही बँजोवाला यूट्यूबवर वेग ०.७५ ला ठेवून मारिओची धून संध्याकाळपर्यंत बोटांत बसवतो. पण अशी बसवलेली धून वरातीत हमखास पोकळ वाटते, कारण चालीखालचा बास आणि दुसरा आवाज कुणी ऐकलेलाच नसतो. चाल हलगी-संबळावर टिकेल की नाही हे चालीवर ठरत नाही, खालच्या बासवर ठरतं. फॅमिस्टुडिओची खरी किंमत तिथं आहे.

पाच आवाज कुणाकुणाला द्यायचे

त्या यंत्रातल्या २ए०३ या चिपमध्ये आवाजाच्या पाच वाटा आहेत. पहिल्या दोन पल्सच्या, म्हणजे चौकोनी लहरीच्या. त्यांना १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के असे चार पोत मिळतात (कानाला २५ आणि ७५ सारखेच लागतात) आणि आवाज कमी-जास्त करायला शून्य धरून सोळा पायऱ्या. तिसरी ट्रँगल, म्हणजे त्रिकोणी लहरीची, जिला आवाजाची पायरीच नाही. एक तर चालू, नाही तर बंद. चौथी नॉइज, म्हणजे खरखर, तिच्या सोळा गती. पाचवी डीपीसीएम, जिच्यावर ध्वनिमुद्रित तुकडा वाजतो.

साधी वाटणी अशी: पहिला पल्स बँजोला, दुसरा कॅसिओच्या उजव्या हाताला, ट्रँगल कॅसिओच्या डाव्या हाताला, नॉइज हलगीला, डीपीसीएम पॅडला. ब्रास बँड असेल तर पहिला पल्स क्लॅरिनेट किंवा ट्रंपेटला आणि ट्रँगल युफोनियमला. पण ही वाटणी जशीच्या तशी करायच्या आधी दोन सापळे ओळखायला हवेत.

पहिला सापळा दुसऱ्या पल्सचा. बऱ्याच धुनांत तो वेगळं काहीच वाजवत नाही. पहिल्या पल्सचीच चाल काही फ्रेम (एक फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, सेकंदाचा साधारण साठावा भाग) उशिरा, कमी आवाजात वाजवून घुमारा तयार केलेला असतो. तो कॅसिओवाल्याला लिहून दिला तर तो सतत मागं पडतोय असंच ऐकणाऱ्याला वाटेल. फॅमिस्टुडिओमध्ये दोन्ही पल्सच्या पट्ट्या एकाखाली एक दिसतात, त्यामुळे उजवीकडं सरकलेली हुबेहूब नक्कल डोळ्यांनीच ओळखता येते. ती सरळ पुसून टाका. वरातीत घुमाऱ्याचं काम भोंगे आणि आजूबाजूच्या भिंती फुकटात करतात.

दुसरा सापळा ट्रँगलचा. बासचे सूर चालू असताना मध्येच दोन-चार फ्रेमांत सूर वरून खाली घसरताना दिसला, तर तो बास नव्हे, ढोल आहे. ट्रँगलवर झपकन उतरता सूर टाकून टॉमचा ठोका काढायची ती जुनी युक्ती आहे. असे सगळे तुकडे बासमधून काढून संबळाच्या मोठ्या भांड्याला द्या. तिथं ते मूळ गेमपेक्षा जास्त शोभतात, कारण संबळाचा तो ठोका स्वतःच घुमत उतरतो.

फाइल आत घेताना

गेमचं संगीत एनएसएफ नावाच्या फाइलमध्ये फिरतं. एकाच फाइलमध्ये त्या गेमची सगळी गाणी असतात, म्हणून आत घेताना गाण्याचा क्रमांक निवडावा लागतो आणि किती सेकंदांचं घ्यायचं तेही सांगावं लागतं. धून दोनदा फिरेल एवढे सेकंद द्या. एकदाच घेतली तर ती नेमकी कुठून पुन्हा सुरू होते हे कळत नाही. चारदा घेतली तर पुसायचं काम उगाच चौपट.

इथं मुख्य गोम आहे. फॅमिस्टुडिओ एनएसएफमधून स्वरलेखन वाचत नाही, कारण त्यात ते नसतंच. फाइलमध्ये असतो तो गेमचा वाजवणारा प्रोग्रॅम. सॉफ्टवेअर तो चालवतं आणि सेकंदाला साठ वेळा चिपला काय हुकूम गेला ते टिपून घेतं. त्यामुळे पडद्यावर येतं ते संगीत नसून हुकुमांची नोंद असते. एकच लांब सूर हळूहळू विझत असेल तर त्याच्या आवाजाची प्रत्येक उतरती पायरी वेगळी नोंदली जाते. थरथर असेल तर सुराखाली बारीक चढ-उतारांची रांग लागते. मूळ रचनाकारानं कोणती वाद्यं कल्पिली होती याचा पत्ता नसतो, फक्त पोतानुसार वेगळी केलेली वाद्यं मिळतात. आणि पॅटर्नच्या, म्हणजे गाण्याच्या तुकड्यांच्या, रेघा तालाच्या बारवर पडत नाहीत, त्या वाटेल तिथं पडतात.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा बिघाड वाटतो. बिघाड नाही. यापेक्षा जास्त त्या फाइलमधून काढणं अवघडच आहे. आमची तक्रार एवढीच की सॉफ्टवेअरनं हे आयातीच्या खिडकीतच दोन ओळींत सांगायला हवं होतं.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे भरभर फिरणाऱ्या सुरांची. पल्सच्या एका वाटेवर एका वेळी एकच सूर वाजतो, म्हणून रचनाकार तीन सूर एकामागून एक, प्रत्येकी एखाद-दुसरी फ्रेम, असे गरागरा फिरवतात आणि कानाला कॉर्डचा भास होतो. पडद्यावर ते सुरांच्या भुशासारखं दिसतं. सेकंदाला साठ सूर कुठल्याच नखीनं निघणार नाहीत. तिथं ते तीन सूर कोणते एवढं पाहून कॅसिओला एक कॉर्ड लिहा आणि भुसा झाडून टाका.

आपण ऐकलेला वेग आणि फाइलमधला वेग

मराठवाड्यात, किंबहुना देशभर, हे गेम ज्या नकली यंत्रांवर खेळले गेले ती आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीला जुळणारी, सेकंदाला ५० फ्रेमची होती. जपान-अमेरिकेतलं मूळ यंत्र जवळपास ६०.१ फ्रेमवर चालतं. संगीताची घडी फ्रेमवर बांधलेली, त्यामुळे तीच धून इथं सुमारे १७ टक्के संथ वाजली. अशा बऱ्याच यंत्रांतल्या प्रोसेसरची गती मूळच्या जवळ ठेवलेली होती, म्हणून सूर उतरला नाही, फक्त लय उतरली. शिवाय काही नकली चिपांत २५ आणि ५० टक्क्यांचे पल्स आपापसात बदललेले होते, म्हणजे आवाजाचा पोतही वेगळा.

याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. फॅमिस्टुडिओत धून ऐकून 'ही पळतेय' असं वाटलं तर कान चुकीचे नाहीत. १५० बीपीएमची (मिनिटाला १५० बीटची) धून आपल्याकडं १२५ ला वाजत होती. ताफ्यासाठी १२५ च धरा. एक तर ऐकणाऱ्यांना तीच ओळखीची वाटते, आणि दुसरं म्हणजे १५० ला बँजोवर सोळांश (बीटच्या चौथ्या भागाच्या) सुरांच्या ओळी स्वच्छ निघत नाहीत, खडखडाट होतो.

लयीचा हिशेब

आयात केलेल्या गाण्यात एक फ्रेम म्हणजे एक घर असतं. तसंच मिडीत, म्हणजे सुरांची नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढून नोटेशनच्या सॉफ्टवेअरला दिलं तर पानभर बांधलेल्या, टाय केलेल्या बारीक नोटांचं जंगल उगवतं. हे टाळायचं तर आधी एका बीटला किती फ्रेम ते काढा. धून जिथून सुरू झाली तिथपासून पुन्हा सुरू होते तिथपर्यंतच्या फ्रेम मोजा, आणि कानानं ताल धरून तेवढ्यात बीट किती झाल्या ते मोजा. ३८४ फ्रेमांत १६ बीट झाल्या तर बीटला २४ फ्रेम. ६० फ्रेमच्या यंत्रावर ३६०० ला २४ नं भागलं की १५० बीपीएम, ५० च्या यंत्रावर ३००० भागिले २४, म्हणजे १२५.

काही गेमांत भागाकार नीट बसत नाही. एक सोळांश ६ फ्रेमचा, पुढचा ७ चा, असं आलटून-पालटून येतं. ती सरासरी लय साधायची तरकीब आहे, चूक नाही. बीटला २६ फ्रेम धरून ३६०० भागिले २६ केलं की साधारण १३८.५ मिळतात.

इथून दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे मिडी काढायची, रीपरसारख्या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन सोळा बीट बरोबर २/४ च्या आठ बारांत मावतील इतकी पट्टी आखडायची, मग क्वान्टाइझ करून (सूर तालाच्या रेघांवर नेमके बसवून) म्यूजस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची. रीपर ६० दिवस वापरून पाहता येतं, पुढं वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा. म्यूजस्कोर फुकट आहे. दुसरा रस्ता म्हणजे फॅमिस्टुडिओतच नवा प्रोजेक्ट उघडायचा, आयात केलेला समोर ठेवायचा आणि सूर हातानं नव्यानं मांडायचे.

आम्ही दुसराच रस्ता सुचवतो. ऐकायला तो लांबचा वाटतो, पण मांडताना भुसा, घुमारा, विझत्या पायऱ्या हे सगळं आपोआप गळतं आणि फक्त संगीत उरतं. पहिल्या रस्त्यानं वाचलेला वेळ साफसफाईत दुप्पट जातो. शिवाय या नव्या प्रोजेक्टमधून काढलेली मिडी बारच्या रेघांवर चोख बसते.

नवा प्रोजेक्ट करताना बीटच्या फ्रेम अशा निवडा की तिचे दोन, तीन आणि चार असे तिन्ही भाग पडतील. २४ आणि ३६ चालतात. ३० चालत नाही, कारण ६० फ्रेमच्या यंत्रावर १२० बीपीएमचा आकडा छान दिसला तरी ३० चे चार समान भाग होत नाहीत, साडेसात फ्रेम ही गोष्टच अस्तित्वात नाही. ३६ फ्रेम म्हणजे १०० बीपीएम. तीन भागांचा आग्रह कशासाठी? आपल्या ठेक्याच्या झोक्यासाठी. गेममधले सरळ अर्धे-अर्धे सूर (१२ आणि १२ फ्रेम) हलगीवर कवायतीसारखे वाजतात. तेच १६ आणि ८ केले की चाल लगेच ठुमकायला लागते. एका बीटच्या सहा नोटा (म्हणजे घरं) आणि एका नोटेला चार फ्रेम अशी घडी ठेवली तर सरळ आणि झोक्याची, दोन्ही रूपं एकाच मांडणीत करून ऐकता येतात. सोळांश हवे असतील तेव्हा बारा नोटा, दोन फ्रेम.

खरी परीक्षा: तुणतुणं

गोंधळाच्या साजात तुणतुण्याची तार एकच, सूरही एकच. तुळजापूरला असो की माहूरला, गोंधळ्याची सगळी चाल त्या एका सुरावर उभी असते. गेमचं संगीत मात्र पाश्चात्त्य वळणाचं, त्यात बास दर बारला जागा बदलतो. तुणतुणं सा धरून बसलं आणि खाली कॅसिओनं प-नि-रे ची कॉर्ड धरली की सा आणि नि यांची चकमक होते. हीच ती जागा जिथं बहुतेक प्रयोग फसतात आणि दोष बिचाऱ्या तुणतुणेवाल्याला मिळतो.

फॅमिस्टुडिओत ट्रँगल सोडून बाकी चारही वाटा बंद करा आणि बासचे सूर कागदावर उतरवा. धुनीचा मुख्य सूर सा धरला, तर बास सा आणि प याच दोन जागांवर फिरतोय का, की सा आणि म वर? सा-प असेल तर तार सा ला न लावता पंचमाला लावा, कारण प हा सूर दोन्ही कॉर्डांत आहे. सा-म असेल तर सा च बरोबर, तो सा-ग-प मध्येही आहे आणि म-ध-सा मध्येही. मायनर वळणाच्या धुनांत बास सा, कोमल ध, कोमल नि असा फिरताना पुष्कळदा दिसतो. तिथं पहिल्या दोघांना सा चालतो, कोमल नि च्या बारला तुणतुणं चूप ठेवा. एका बारची ती शांतता पुढच्या समेला जोरच देते. आणि बास अर्ध्या-अर्ध्या सुरांनी सरकत असेल, दर दोन बीटला नवी कॉर्ड असेल, तर तुणतुण्याचा नाद सोडा. मारिओच्या पहिल्या टप्प्याच्या धुनीचं नेमकं हेच आहे. ती ब्रास बँडला छान जाते, गोंधळाच्या साजाला नाही. त्याच गेममधली पाण्याखालची धून तीनच्या तालातली आहे, तिचे दोन बार मिळून दादऱ्याच्या सहा मात्रा होतात आणि ढोलकीला ती आपसूक सापडते.

सुरुवात करायला आमची शिफारस सर्कस चार्ली. कोनामीचा हा गेम १९८४ चा. सिंहावर बसून आगीच्या कड्यांतून उड्या मारायच्या पहिल्या टप्प्याला जी धून वाजते ती मुळात एफ. डब्ल्यू. मीचम यांचं १८८५ चं 'अमेरिकन पेट्रोल' हे मार्च आहे. मार्च असल्यानं दोन बार मिळून केरव्याच्या आठ मात्रा नेमक्या भरतात, ओढाताण करावी लागत नाही. मूळ कल्पनाही मिरवणुकीला साजेशी आहे, गस्तीची तुकडी लांबून येते, जवळून जाते आणि दूर निघून जाते, म्हणून संगीत हळू सुरू होऊन चढतं आणि परत उतरतं. ताफ्यात ते असं करता येईल: आधी फक्त हलगीची बारीक काठी आणि कॅसिओवर अगदी हलकी चाल, दुसऱ्या फेरीला बँजो आणि संबळ, तिसरीला पॅड, झांज, सगळा दणका, मग त्याच क्रमानं एकेक गळत जायचं. पॅडवाल्याला पहिल्या दोन फेऱ्या गप्प बसवणं हे यातलं सगळ्यात अवघड काम, हे आधीच मान्य करून ठेवा.

पट्टीचाही विचार हवा. बँजोवर सोयीचा पल्ला साधारण दोन सप्तकांचा, गेमच्या चाली त्याहून लांब उड्या मारतात. फॅमिस्टुडिओत सगळे सूर निवडून एकत्र वर-खाली सरकवता येतात, त्यामुळे काळी एक की पांढरी चार हे ऐकून ठरवता येतं. पल्ल्याबाहेर गेलेला एकटा सूर सप्तकभर दुमडू नका, तो ज्या ओळीत आहे ती पूर्ण ओळ दुमडा. एकटाच दुमडला की चालीचा चढ मोडतो.

आणखी एक बारकावा. गेमचा मूळ आवाज लावून त्याच्याशी वाद्य जुळवत बसू नका. चिपला वरच्या सुरांना नेमकी जागाच मिळत नाही. २००० हर्ट्झच्या आसपास लागोपाठच्या दोन शक्य सुरांत ३० सेंटहून जास्त अंतर आहे, म्हणजे अर्ध्या सुराचा जवळपास तिसरा हिस्सा. बेसूर चिप आहे, तुमचा कॅसिओ नाही.

वादकांच्या हाती काय द्यायचं

या बाबतीत फॅमिस्टुडिओनं आम्हाला खूश केलं. प्रत्येक वाटेची वेगळी ऑडिओ फाइल काढता येते, म्हणजे कॅसिओवाल्याला फक्त बास आणि बँजोवाल्याला फक्त चाल पाठवता येते. त्याहून उपयोगाचा आहे पियानो रोलचा व्हिडिओ, ज्यात सूर सरकत येताना दिसतात. नोटेशन न वाचणाऱ्या कॅसिओवाल्याला हा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवला की निम्मी तालीम घरीच होते. संगणकावर यासाठी एफएफएमपेग नावाचं दुसरं फुकट साधन वेगळं बसवावं लागतं. ते नसेल तर व्हिडिओ निघणार नाही.

कागदच हवा असेल तर मिडी म्यूजस्कोरमध्ये उघडा. सारेगम लिहायची सोय तिथं नाही, पण गाण्याचे शब्द लिहायच्या ओळीत सारेगम लिहिता येतं. सूर निवडायचा, कंट्रोल आणि एल दाबायचं आणि सुराखाली सा, रे, ग देवनागरीत टंकायचे. हलगी-संबळासाठी एका रेघेची तालवाद्याची ओळ घ्या आणि खाली बोल लिहा. पण खरं सांगायचं तर हलगीवाल्याला कागद देऊ नये. त्याला चाल ऐकवा, कुठं थांबायचं तेवढं सांगा, बाकीचं तो तुमच्यापेक्षा चांगलं करतो.

उलटी वाट: हलगी चिपमध्ये

ज्यांना ताफाच नाही आणि घरबसल्या आठ-बिटी गोंधळ करायचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हलगीचा एक ठोका फोनवर मुद्रित करा, आधीची शांतता काटेकोर कापा आणि डीपीसीएमचा तुकडा म्हणून आत घ्या. एका तुकड्याला कमाल ४०८१ बाइट मिळतात. सर्वांत वरच्या, सुमारे ३३ किलोहर्ट्झच्या गतीला ते एक सेकंदही भरत नाहीत. हलगीला तेवढं पुष्कळ झालं. झांजेची लांब झंकार मात्र मधेच तुटते, ती नॉइजवर करा. तुकडा आत घेण्यापूर्वी त्याचा आवाज वाढवून घ्या, नाहीतर खरखरीत बुडतो. तो वाजताना ट्रँगल दबल्यासारखा वाटला तर गोंधळू नका, चिपमध्ये या वाटा एकत्र मिसळतात आणि एक दुसरीला दाबते.

संबळाचं मोठं भांडं ट्रँगलवर, पिच एन्व्हलप (सुराच्या चढ-उताराची रेघ) झपकन उतरता ठेवून. बँजोला २५ टक्क्यांचा पल्स, व्हॉल्यूम एन्व्हलप (आवाजाच्या पायऱ्यांची रेघ) १५, १२, ९, ७, ५ असा पटकन उतरता. मींडेसाठी स्लाइड नोट आहे, एस दाबून सूर ओढला की पडते. ही एक सोय इतकी हाताशी आहे की बाकीच्या तक्रारी विसरायला होतं.

फोनवरची आवृत्ती ऐकायला आणि बारीक दुरुस्तीला ठीक. आयात, साफसफाई, मांडणी हे काम फोनच्या पडद्यावर करायला जाऊ नका, बोटाखाली सूर दिसत नाहीत आणि भलतेच पुसले जातात. जुना लॅपटॉप असेल तर तोच बरा, कारण या सॉफ्टवेअरला ताकदवान यंत्र लागत नाही. मेन्यू मराठीत नाहीत.

वाजवणं वेगळं, अपलोड करणं वेगळं

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ नुसार धार्मिक समारंभात वाजवलेलं संगीत हे हक्काचं उल्लंघन ठरत नाही, आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळेही धरलेले आहेत. त्यामुळे वरातीत मारिओ खुशाल वाजवा. तेच ध्वनिमुद्रण यूट्यूबवर टाकलं की ही सवलत लागू नाही, धुनीचे हक्क कंपनीकडं आहेत आणि चाल दुसऱ्या वाद्यांवर वाजवली म्हणून ते सुटत नाहीत.

अपलोडच करायचं असेल तर ज्यांची मूळ चाल जुनी आणि हक्कमुक्त आहे अशा धुना निवडा. 'अमेरिकन पेट्रोल' त्यातलंच. निन्टेंडोच्या टेट्रिसमधली एक धून त्चायकोव्स्की यांच्या १८९२ च्या 'नटक्रॅकर' बॅलेमधली आहे, तीही चालते. मात्र तिथंही मूळ स्वरलिपीवरून काम करा. गेममध्ये त्या चालीला जो बास आणि जो दुसरा आवाज जोडला आहे ती गेमवाल्यांची भर असू शकते, म्हणून अपलोडच्या रूपात तो बास जसाच्या तसा उचलू नका. तुणतुण्यासाठी तुम्ही तो बदललेला असेल तर हा प्रश्न उरत नाही.